जिन्यावरचं कार्पेट

आमच्या खात्यात रिकाम्या घराला घर म्हणत नाहीत. भाडेकरू गेला आणि किल्ल्या ऑफिसात आल्या, की त्याचं नाव ‘व्हॉइड’. सकाळी फळ्यावर पाहायचं, आज किती व्हॉइड, कुठला कितव्या दिवसात. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, पोकळी हा काय शब्द झाला? मग कळलं, हिशेबात ती खरंच पोकळी असते. भाडं थांबतं आणि खर्च सुरू होतो.

मी मिरजेची, सिव्हिलचा डिप्लोमा. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये, ईस्ट मिडलंड्समध्ये आलो. दीड वर्ष घरी बसून कंटाळले आणि इथल्या कौन्सिलच्या घरदुरुस्ती विभागात लागले. कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका समजा, फक्त हिच्या मालकीची हजारो घरं आहेत आणि ती भाड्याने देणं हे हिचं कामच आहे. आठवड्याचं भाडं सरासरी 100 पौंडांच्या आसपास. बाहेर खासगी मालकाकडे तेवढ्यात एखादी खोली मिळाली तरी नशीब.

किल्ली परत आल्यापासून नव्या माणसाच्या हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, यावर आमची इज्जत ठरते. पहिल्या दिवशी कुलपाचा आतला भाग बदलायचा, गॅस बंद करून सील करायचा. घर एकाकी गल्लीत असेल तर खिडक्यांना भोकांचे पोलादी पत्रे ठोकायचे, नाहीतर दोन रात्रींत कोणीतरी तांब्याचे पाइप कापून नेतो. मग वायरिंगची तपासणी, ओल आणि बुरशी, स्वयंपाकघर किती जुनं ते पाहणं.

बुरशीकडे आता कोणी काणाडोळा करत नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये रॉचडेलला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला, आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. घरमालक संस्थेने ओल-बुरशीची तक्रार किती दिवसांत तपासायची आणि कधीपर्यंत घर सुरक्षित करायचं, हे त्यात ठरवून दिलंय. त्यामुळे घर रिकामं असतानाच भिंती सुकवून घ्यायच्या, असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

दुसरं भूत अ‍ॅस्बेस्टॉसचं, म्हणजे ज्याची धूळ श्वासातून आत गेली तर जीवघेणा आजार होऊ शकतो त्या बांधकाम-साहित्याचं. इथे त्यावर पूर्ण बंदी 1999 मध्ये आली, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही घरात तो असू शकतो. छतावरच्या नक्षीदार गिलाव्यात, बॉयलरच्या मागच्या पत्र्यात, जमिनीच्या काळ्या लाद्यांत. सर्व्हेचा कागद हातात येईपर्यंत भिंतीत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. आपल्याकडे सिमेंटच्या पत्र्याखाली वाढलेल्या मला सुरुवातीला हे नाटक वाटलं होतं. आता मीच पोरांना ओरडते.

तर गोष्ट एका घराची. 1950 च्या दशकातलं, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे बागेचा तुकडा. आजीबाई तिथे चाळीसहून जास्त वर्षं राहिल्या आणि गेल्या. मुलगी दुसऱ्या गावात, तिने रीतसर चार आठवड्यांची नोटीस दिली आणि जमेल तेवढं सामान नेलं. मी आत गेले तेव्हा पडदे इस्त्री केल्यासारखे लटकत होते आणि सगळीकडे जाड, मोरपिशी रंगाचं कार्पेट होतं. दोन-तीन वर्षांचंच असावं.

“सगळं स्किपमध्ये, मी डक,” आमचा सुतार म्हणाला. (इकडे लाडाने माणसाला ‘माझं बदक’ म्हणतात. मीही आता उलट म्हणते.) स्किप म्हणजे दारात उभी असलेली ती लोखंडी मोठी पेटी. पडदे, पडद्यांचे रॉड, दिव्यांच्या शेड, कार्पेट, सगळं तिच्यात.

माझा जीव वर-खाली. आमच्या घरी आजी गेली तेव्हा तिच्या जुन्या पातळांच्या गोधड्या शिवून चार घरांत वाटल्या, पितळी डबा अजून आईकडे आहे. चांगली वस्तू फेकायला हात धजत नाही. मी म्हटलं, “हे ठेवू या ना.” त्याने काही वाद घातला नाही. खालच्या खोलीतला कोपरा उचलून दाखवला. खाली नऊ इंची काळ्या लाद्या, दोन तडकलेल्या. त्याचा अर्थ मला सांगायची गरज नव्हती. मग वर गेलो. तिथे इलेक्ट्रिशियन वाट पाहत होता. वायरिंग पूर्ण बदलायचं, तारा लाकडी फळ्यांखालून जातात, फळ्या उचलायच्या म्हणजे कार्पेट उचलावंच लागतं. शिवाय कार्पेट आपण दिलं तर उद्या ते फाटून कोणी पडलं की जबाबदारी आपली, पिसवा निघाल्या तरी आपली.

एकेक कारण ऐकलं की पटतं. पण त्यांची बेरीज अशी होते की नव्या बाईला मिळतं ते घर म्हणजे पांढरट पिवळ्या भिंती आणि उघडी जमीन. स्वयंपाकघरात कपाटं असतात, पण शेगडी नसते, फक्त तिची जोडणी. वास्तूत दूध उतू घालायचं म्हटलं तरी कशावर घालणार? वेल्समध्ये 2024 च्या एप्रिलपासून अशा घरांसाठी नियम आला, की भाडेकरू बदलताना राहत्या खोल्यांत जमिनीला योग्य आच्छादन हवं. त्यांना जमतं ते आम्हाला का जमू नये, हे मी मीटिंगमध्ये विचारलं. बजेटचा तक्ता दाखवण्यात आला.

तोवर घरासाठी ‘बिडिंग’ सुरू झालं होतं. दचकू नका, लिलाव नाही. घर वेबसाइटवर येतं, यादीतल्या लोकांनी “आम्हाला हवं” असं बटण दाबायचं, मग ज्याची गरज मोठी आणि नोंदणी जुनी त्याला मिळतं. म्हाडाच्या सोडतीसारखं नशीब नाही, पण वाट पाहणं तेच. इंग्लंडमध्ये अशा याद्यांवर 13 लाखांहून जास्त कुटुंबं आहेत. 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला आणि तेव्हापासून सुमारे 20 लाख घरं कौन्सिलांच्या हातून गेली. त्या प्रमाणात नवी बांधलीच नाहीत. त्याच विकल्या गेलेल्यांपैकी एका घरात आम्ही खासगी भाडेकरू म्हणून राहतो. तोच आराखडा, तोच अरुंद जिना, भाडं दुपटीहून जास्त. आणि आमच्या व्हिसाची अटच आहे, की सरकारी मदत घेता येणार नाही. म्हणजे ज्या घरांच्या किल्ल्या मी वाटते त्यांच्यासाठी मला अर्जही करता येत नाही. तक्रार नाही, पण किल्ल्यांचा जुडगा हातात असताना कधीकधी हसू येतं.

घर त्रेपन्नाव्या दिवशी तयार झालं. आमच्या मानाने वाईट. मिळालं ते दोन मुलांच्या एका आईला, जी अकरा महिने हॉटेलातल्या एका खोलीत राहत होती, कौन्सिलच्याच खर्चाने. (इकडे घर रिकामं, तिकडे हॉटेलचं बिल. हा हिशेब एकाच फळ्यावर कोणी मांडत नाही.)

एक गोष्ट मात्र मी वाचवली होती. जिन्याखालून तार जात नाही आणि लाद्याही नाहीत. जिन्यावरचं मोरपिशी कार्पेट तसंच ठेवायला मी साहेबांच्या मागे लागले. शेवटी ते म्हणाले, ‘भेट म्हणून स्वीकारलं, पुढची जबाबदारी माझी’ असा फॉर्म भाडेकरूने भरून दिला तर चालेल. फॉर्म होताच. कपाटात पडून होता.

तिने सही केली, मग खिशातून टेप काढून खोल्या मोजायला लागली. माझ्याकडे न बघताच विचारलं, खालच्या खोलीला किती खर्च येईल? मी अंदाज सांगितला. तिने आकडा मोबाइलमध्ये लिहिला आणि वर गेली. रिकाम्या घरात आमचे आवाज घुमत होते. धाकटा बूट काढून जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला होता, आणि आई हाक मारत होती तरी उठत नव्हता.