दोरीनं मोजलेला हत्ती

सकाळी साडेसातला शिराळा तालुक्यातून फोन आला, "सायेब, उसात हत्ती शिरलाय." वारणाकाठी हत्ती येणारच नाही, असं मी छातीठोक सांगत नाही. 2002च्या सुमाराला कर्नाटकातून उतरलेले हत्ती पुढं दोडामार्ग, चंदगड, आजऱ्यात दिसू लागले, आणि कळपाबाहेर पडलेला नर लांबलांब भटकतो. पंचनाम्याच्या कागदांबरोबर दोरी आणि टेप घेतला.

पाटाच्या चिखलात गोल खड्डे होते. निम्मे बघ्यांनीच तुडवलेले. (ठशावर लगेच घमेलं पालथं घालावं, पण ऐकतंय कोण!) एका शाबूत खड्ड्याच्या कडेनं दोरी फिरवली: 60 सेंटिमीटर. हत्तीच्या पुढच्या पायाचा घेर दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची साधारण मिळते. म्हणजे 120 सेंटिमीटर, जेमतेम वर्षाचं पिल्लू. ते एकटं कधीच फिरत नाही. आई, मावश्या आणि पुढं थोरली हत्तीण असतेच. मग त्यांचे मीटरभर घेराचे ठसे कुठं गेले?

हे गव्याचं काम, असं म्हटलं तर उसाच्या मालकांना पटेना. "आवं, एवढा ऊस गव्यानं मोडला व्हय?"

हत्ती सोंडेनं ऊस बुडासकट उपटतो, पायावर आपटून माती झाडतो. इथं बुडखे जमिनीतच होते. शेंडे आणि पाला खाल्लेला, बाकी ऊस अंगानं आडवा झालेला. शेण म्हशीसारखं, थापटं. हत्तीची लीद गोळ्यागोळ्यांची, चोथ्यानं भरलेली, कारण दिवसाला दीडशे किलो चारा खाल्ला तरी निम्मासुद्धा पचत नाही.

बांधापलीकडच्या मऊ कोरड्या मातीत शंकाच उरली नाही: दुभंगलेला खूर, मधली फट स्वच्छ. गवा चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच ठशावर टाकतो. पाणथळ चिखलात कडा ढासळल्या, फट बुजली आणि खुराचा खड्डा झाला हत्तीच्या पायाएवढा.

मग फडाला पूर्ण वेढा मारला. आत जाणारे माग तिघांचे. बाहेर येणारा एकही नाही.

पंचनामा तसाच ठेवला. तीन बाजूंची माणसं आवाज न करता मागं घेतली, कुत्री बांधायला लावली, चांदोलीच्या जंगलाकडची बाजू मोकळी सोडली. कोंडलेला गवा समोर दिसेल त्याच्यावर येतो, म्हणून हाकारा, फटाके सगळं बंद. अंधार पडल्यावर पावणेआठला पाचट वाजलं आणि एकामागोमाग तिन्ही काळी धुडं बांध उतरून गेली.