रोडा बेटावरची विहीर

जलसंपदा विभागात लागल्यापासून माझे बहुतेक पावसाळे सरितामापन केंद्रावर, मोजपट्टीवरची पातळी तासातासाला नोंदवण्यात गेले. त्यामुळे अभ्यासदौऱ्यात कैरोला पोहोचल्यावर मला पिरॅमिडांपेक्षा अधिक ओढ होती ती नाईलमधील रोडा बेटावरच्या ‘मिकियास’ची, म्हणजे नदीचा पूर मोजण्यासाठी इ.स. 861 मध्ये बांधलेल्या विहिरीची.

भिंतीलगतच्या दगडी पायऱ्या उतरत गेलो. मधोमध संगमरवरी अष्टकोनी स्तंभ उभा आहे आणि त्यावर हातांच्या खुणा कोरलेल्या आहेत. एक हात म्हणजे साधारण 54 सेंटिमीटर. नदीचे पाणी तीन बोगद्यांतून आत शिरून या स्तंभावर चढत असे. ते 16 हातांपर्यंत पोहोचले की पीक भरघोस येणार आणि साराही पुरा द्यावा लागणार, हे ठरलेले. पाणी फार खाली राहिले तर उपासमार, फार चढले तर बांध फुटणार. सबंध देशाचे वर्ष ज्या खुणेवर ठरत होते, तिच्यासमोरच्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिलो.

कैरोत वर्षभरात जेमतेम 25 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या घाटमाथ्यावर तेवढा श्रावणातली एखादी जोरदार सर देऊन जाते. नाईलचा पूर येई तो इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात जून ते सप्टेंबर पडणाऱ्या पावसाचा, म्हणजे मी इकडे मोजपट्टीवर डोळे लावून असतो त्याच महिन्यांतला. निळी नाईल आणि अटबारा या नद्या काळा गाळ घेऊन उतरत. शेतकरी ते पाणी बांध घालून शेतात काही आठवडे कोंडत, मग सोडून देत आणि त्या ओल्या गाळात गहू, जव, जवस पेरत. जमिनीतले क्षार धुऊन निघत, खत आपोआप पडे. आपल्याकडे पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. तिथे पेरणी सुरू होई.

आता बोगदे बंद आहेत आणि तळ कोरडा आहे. 1970 मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाल्यावर गाळ नासेर जलाशयातच बसू लागला आणि शेतात रासायनिक खताच्या गोण्या आल्या. तरीही त्या धरणाला मी दोष देणार नाही, कारण 1980 च्या दशकात इथिओपियात दुष्काळाने माणसे मरत असताना इजिप्तची शेते याच साठ्यावर तगली.