डीएपी व्हॉट्सॲपवर बुक होत नाही

मृग लागला की लातूर, परभणी, नांदेडकडच्या बाजारात डीएपी या खताची ओरड सुरू होते, आणि तेव्हाच मेसेज फिरू लागतात. डीपीला ओळखीच्या कृषी सेवा केंद्राच्या बोर्डाचा फोटो, खाली दुकानाचं नाव, आणि मजकूर असा: "डीएपी आला आहे, थोड्याच बॅगा आहेत, ॲडव्हान्स टाका, नाव लावून ठेवतो." नंबर तेवढा वेगळा. विचारलं तर उत्तर तयार असतं, जुना नंबर बंद पडला. इथे शेतकरी भोळेपणामुळे फसत नाही. टंचाई खरी असते, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जाण्याची भीती खरी असते आणि दुकानावरचा विश्वासही खराच असतो. भामटा नेमका या तिन्हींचा फायदा घेतो.

पण खताच्या बाबतीत एक पक्की खूण आहे. अनुदानाचं खत दुकानातल्या पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर, आधारसारख्या ओळखपत्रावरून घेणाऱ्याची ओळख पटवूनच विकता येतं. डीएपीची ५० किलोची बॅग १३५० रुपयांना आणि युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती अनुदानामुळेच. मशीनसमोर उभं न राहता, फोनवर पैसे टाकून डीएपी "बुक" करून देतो म्हणणारा माणूस जे सांगतोय ते होऊच शकत नाही. भाव छापील किमतीपेक्षा कमी सांगितला असेल, तर ती फसवणूकच समजा. बियाण्याला पॉसची अट नाही, म्हणून तिथे जास्त जपायचं. लॉट नंबर लिहिलेलं पक्कं बिल नसेल तर उगवण न झाल्याची तक्रारही उभी राहत नाही.

परवान्याचा किंवा जीएसटी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला म्हणजे खात्री झाली, असं समजू नका. जीएसटीच्या वेबसाइटवर तो १५ अक्षरी क्रमांक टाकला तर दुकानाचं खरं नाव येईलही, कारण क्रमांक खऱ्या दुकानाचाच उचललेला असतो. दुकान खरं आहे एवढंच त्यातून कळतं, समोर बोलणारा दुकानदार आहे हे कळत नाही. त्यासाठी जुन्या बिलावरचा नंबर काढा आणि साधा फोन लावा. मेसेजमधल्या नंबरवर नाही. यूपीआयचा पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते वाचा. अनोळखी नाव दिसलं आणि "पोराचं खातं आहे" असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा.

दुकानदारांनी दोन धोके वेगळे ओळखावेत. पहिला नकलेचा. दुसरा जास्त वाईट: तुमचंच व्हॉट्सॲप खातं भामट्याच्या ताब्यात जाणं. "चुकून माझा कोड तुमच्याकडे आलाय, पाठवा" असा मेसेज ओळखीच्या माणसाकडूनही येतो, कारण त्याचं खातं आधीच गेलेलं असतं. तो सहा अंकी कोड खरं तर तुमच्याच व्हॉट्सॲपचा असतो. तो दिला की तुमच्या नावाने गावोगावच्या गिऱ्हाइकांकडे उधारीची मागणी सुरू. म्हणून व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन इथे जाऊन पिन लावा आणि ईमेल जोडा. लिंक्ड डिव्हाइसेस अधूनमधून उघडा, अनोळखी संगणक दिसला तर लॉगआउट करा. ग्रुपवर आलेली 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) दुकानाच्या फोनवर कधीच उघडायची नाही. असली ॲप्स तुमचे एसएमएस वाचतात, म्हणजे ओटीपीही.

दुकानाचा नंबर आणि यूपीआयवर दिसणारं नाव बिलावर छापा, काउंटरवर लावा. सोबत एक ओळ: "खाते बदलल्याचे आम्ही मेसेजवर कळवत नाही." हे हंगामाआधीच करायचं. नकली नंबर फिरू लागल्यावर ब्रॉडकास्टवर विसंबू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोहोचतच नाही. स्टेटस ठेवा, गावच्या ग्रुपवर टाका आणि गिऱ्हाइकांना तो नंबर रिपोर्ट करायला सांगा. रिपोर्ट केल्यावर त्या नंबरवरून आलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, समोरच्याला मात्र कळत नाही. रिपोर्ट करताना चॅट डिलीट होऊ देऊ नका. त्याआधी नंबरसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवली जाते, वाटेत जिथे सापडेल तिथेच ती रोखता येते. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, रक्कम, वेळ आणि तुमच्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. पैसे गेले नाहीत, नुसता प्रयत्न झाला, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेत नंबर नोंदवा.

व्हॉट्सॲपचं खातंच गेलं असेल तर आपल्या सिमवर व्हॉट्सॲप पुन्हा नोंदवा. एसएमएसने आलेला कोड टाकला की भामटा बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस थांबावं लागतं, पण त्या काळात तोही ते खातं वापरू शकत नाही.