मीटर २५ व्होल्ट दाखवतो, तरी व्हॉल्व्ह उघडत नाही: माझा अनुभव

बागेतल्या स्प्रिंकलरचा एखादा झोन (एका व्हॉल्व्हवर चालणारा भाग) बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला: सोलेनॉइड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल, बदला. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. सोलेनॉइड जळतो, नाही असं नाही. पण त्याच्या कितीतरी आधी मातीतला वायरचा जोड दगा देतो. माझ्याकडे बाकीची सगळी तपासणी झटपट उरकली. अडलं ते अशाच एका जोडापाशी, आणि तेसुद्धा मीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारा मल्टिमीटर) सगळं ठीक असल्याचं सांगत असताना.

आधीचे टप्पे थोडक्यात. कंट्रोलरला, म्हणजे झोन चालू-बंद करणाऱ्या पेटीला, येणाऱ्या २४ व्होल्ट एसीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. भार नसताना २६-२८ दिसले तर काळजी नको. मग झोन सुरू करून त्या झोनचा स्क्रू आणि कॉमन (सगळ्या व्हॉल्व्हना सामाईक असलेली वायर) यांच्यात मोजा. इथे २४ च्या आसपास आकडा आला की कंट्रोलर संशयातून सुटला. त्यानंतर वीज बंद करून झोनची आणि कॉमनची वायर टर्मिनलमधून सोडवा आणि त्या दोघींमध्ये ओहम मोजा. चांगल्या सोलेनॉइडचा आकडा साधारण २० ते ६० च्या दरम्यान असतो. १० च्या खाली गेला तर शॉर्ट, ‘ओएल’ (मीटरच्या मापाबाहेर) आलं तर कुठंतरी तार तुटली आहे. एकाच झोनवर दोन व्हॉल्व्ह असतील तर आकडा निम्मा येतो. तो दोष नव्हे.

आता तो जोड. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सोलेनॉइडच्या वायरी सोडवून दोन सुट्या टोकांवर मीटर लावला तर २५ व्होल्ट. सुटा सोलेनॉइड मोजला तर २७ ओहम. दोन्ही ठणठणीत, आणि एकमेकांना जोडले की काही नाही, साधा ‘टक्’ आवाजही नाही. इथं बहुतेक जण वैतागून अख्खा व्हॉल्व्ह बदलतात. तो बदलून काहीही होत नाही.

कारण असं की डिजिटल मीटर वायरीतून जवळजवळ करंट ओढतच नाही. जोडात तांबं हिरवं पडून एखादाच बारीक धागा टेकलेला असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. सोलेनॉइडला मात्र उघडताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास आणि उघडं धरायला त्याच्या निम्मा करंट लागतो. तेवढा करंट त्या कुजलेल्या जोडातून जाऊ लागला की व्होल्टेज जोडातच खर्ची पडतं. म्हणून मोजायचं ते सोलेनॉइड जोडलेला आणि झोन चालू असताना, त्याच्या दोन टोकांवर. तसं मोजल्यावर २५ चे ११ झाले. इतक्यावर प्लंजर, म्हणजे सोलेनॉइडच्या आतला सरकणारा दांडा, उचलत नाही. हे एकच मोजमाप कुणी आधी सांगितलं असतं तर सगळा वैताग टळला असता, म्हणून मी ते ठासून सांगतो आहे.

दोष झोनच्या वायरीत की कॉमनमध्ये, हे ओळखायला एक लांब सुटी वायर पुरते. कंट्रोलरच्या कॉमनपासून ती जमिनीवरूनच व्हॉल्व्हपर्यंत न्या, तिथली जुनी कॉमन सोडवा आणि सोलेनॉइडचं एक टोक या वायरीला जोडा. झोन सुरू झाला तर जुनी कॉमन खराब. नाही झाला तर तीच वायर झोनच्या वायरीच्या जागी लावून पाहा. माझ्याकडे कॉमन निघाली. कॉमन एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात पुढं पुढं जात असेल तर जागाही सापडते: कंट्रोलरजवळचे व्हॉल्व्ह चालतात आणि एका ठिकाणापासून पुढचे सगळे अडतात, तर शेवटचा चालणारा आणि पहिला न चालणारा यांच्या मधला जोड उघडा. फक्त झोनच्या नंबरवर विसंबू नका. वायर टाकण्याचा क्रम वेगळा असू शकतो.

तो जोड नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळून केलेला होता. जमिनीखाली टेप कधीही टिकत नाही. पाणी आत शिरतं आणि टेप ते बाहेर जाऊ देत नाही. काळं पडलेलं तांबं घासत बसू नका, चकचकीत तार लागेपर्यंत मागं कापत जा. इन्सुलेशनच्या आतही काळेपणा गेलेला असतो, त्यामुळे थोडी वायर वाया जाईल, जाऊ द्या. दीड सेंटिमीटर सोलून, कोरडं करून, तारा घट्ट पिळा आणि आत ग्रीस भरलेल्या वॉटरप्रूफ कनेक्टरमध्येच बंद करा. खड्ड्यात एक फुटाचा ढिला वेढा ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जोड वर उचलून बघता येतो. वायर कमी पडली आणि केबलमध्ये न वापरलेली तार शिल्लक असेल, तर दोन्ही टोकांना तीच कॉमन म्हणून लावली तरी चालते.

खरं तर मीटर हातात घेण्याआधीच एक गोष्ट करायला हवी: सोलेनॉइड हातानं पाव वळसा सैल करा. पाणी सुरू झालं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, शोध विजेत घ्या. नाही झालं तर मुख्य नळ, मास्टर व्हॉल्व्ह (सगळ्या झोनच्या आधीचा व्हॉल्व्ह) आणि फ्लो कंट्रोलचा, म्हणजे व्हॉल्व्हवरचा प्रवाह कमी-जास्त करणारा, दांडा बघा. तो दांडा पूर्ण खाली फिरवलेला असला तर वीज कितीही द्या, पाणी येणार नाही.

उलट तक्रार, म्हणजे झोन बंदच होत नाही, ती बहुधा विजेची नसते. वायर सोडवूनही पाणी चालू राहिलं तर मुख्य नळ बंद करून व्हॉल्व्हचं झाकण उघडा. डायफ्रॅमखाली (पाणी अडवणाऱ्या रबरी पडद्याखाली) खडा असतो, नाहीतर त्यातलं बारीक छिद्र गाळानं बुजलेलं असतं, नाहीतर डायफ्रॅम फाटलेला असतो. स्प्रिंग उडते, तिच्यावर हात ठेवा. परत बसवताना स्क्रू समोरासमोरच्या जोडीनं आवळा. सोलेनॉइड हातानंच घट्ट करा, पाना नको. ओ-रिंग (रबरी कडी) चिरडली तर गळती सुरू होते.

आणि एकही झोन चालत नसेल तर खोदायच्या आधी रेन सेन्सर (पाऊस पडला की पाणी देणं थांबवणारा) बायपास करून पाहा. काम झाल्यावर प्रत्येक झोनचे ओहम कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढं कधी २७ च्या जागी ४५ दिसले, तर झोन बंद पडायच्या आधीच त्याचा जोड उघडून बघता येईल.