भाचीचा फ्रॉक, गळ्यापासून खाली

बाळासाठी फ्रॉक विणायला घेतेय म्हटल्यावर सगळ्यांनी पहिल्यांदा रंग विचारला. मी मात्र वहिनीकडे भाचीच्या डोक्याचा घेर मागितला. तिने मापाची पट्टी लावून सांगितलं, "डोकं 42 सें.मी., छाती 43. आणि मान मोजूच देत नाहीये गं, जेमतेम 23 असेल."

या तीन आकड्यांतच सगळा फ्रॉक आला. मोठ्या माणसाची छाती डोक्यापेक्षा खूप मोठी असते, गळाही बऱ्यापैकी रुंद असतो, त्यामुळे स्वेटर डोक्यातून सहज उतरतो. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं जवळजवळ छातीएवढं असतं आणि मान त्याच्या निम्मी. गळा डोक्याच्या मापाने ठेवला तर फ्रॉक खांद्यावरून घसरणार, मानेच्या मापाने ठेवला तर डोकं अडकणार. कपाळावर अडकलेला कपडा ओढून काढताना बाळ किती घाबरतं हे ज्याने पाहिलंय, त्याला हा प्रश्न किरकोळ वाटणार नाही. म्हणून मानेपाशी बेताचा गळा आणि त्याला खोल उघड, हे सुया हातात घेण्याआधीच ठरलं.

दुसरा निर्णय दिशेचा. लहानपणी शिकले ती पद्धत म्हणजे खालच्या काठापासून वर विणायचं, पुढचा आणि मागचा भाग वेगळा करायचा, मग शिवून जोडायचं. या वेळी मी गळ्यापासून सुरू करून खाली जायचं ठरवलं. एक कारण शिवणीचं. विणलेल्या कापडाची शिवण जाड होते आणि ती नेमकी काखेत आणि बरगडीवर येते. त्याहून मोठं कारण वाढीचं. विणकाम सहज उसवतं ते जिथे टाके बंद केले त्या टोकाकडून. सुरुवातीच्या काठाकडून ते सरळ उसवत नाही, दर टाक्याला धागा अडकतो. गळ्यापासून खाली विणलं की बंद केलेलं टोक घेराच्या काठाला येतं. बाळ उंच झालं की तो काठ उसवायचा, टाके पुन्हा सुईवर घ्यायचे आणि पुढे विणायचं. बाळं लांबीने भराभर वाढतात, छातीने त्या मानाने हळू, त्यामुळे असा फ्रॉक पुढे अंगरख्यासारखा बराच काळ वापरता येतो.

लोकर निवडताना मी सर्वांत जास्त रेंगाळले. मोहेर आणि अंगोरा या लवदार लोकरी; हातात घेतलं की सोडवत नाही, पण त्यांचे तंतू सुटतात आणि बाळाच्या तोंडात जातात, म्हणून ते लगेच बाजूला ठेवलं. सुती धागा गार आणि मऊ असतो, पण त्याला लवचीकपणा कमी. ताणला की परत पुरता आत येत नाही, आणि तितक्याच कापडाला वजन जास्त. अ‍ॅक्रिलिक धुवायला फार सोयीचं, पण घाम शोषत नाही. शेवटी मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर घेतली, सुपरवॉश प्रक्रिया केलेली. साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून घट्ट होतो. सुपरवॉशमध्ये हे खवले बोथट करून त्यांवर पातळ लेप देतात, म्हणून ती लोकर तशी आटत नाही. ज्या घरात बाळ आहे तिथे धुण्याच्या प्रत्येक खेपेला लोकरीसाठी वेगळी काळजी घ्यायला कोणाला वेळ असणार?

धागा ना फार बारीक ना फार जाड, आठ प्लाय; त्या जाडीला डीके म्हणतात. 50 ग्रॅमच्या गोळ्यात साधारण 120 मीटर धागा. चार गोळे घेतले आणि चारींवरचा रंगाचा लॉट नंबर, म्हणजे एकाच खेपेत रंगवल्याची खूण, एकच आहे ना ते तपासलं. वेगळ्या लॉटमधला तोच रंग दुकानाच्या उजेडात सारखा दिसतो आणि घेरात मात्र पट्टा होऊन उठून दिसतो.

सुयांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण नव्याने शिकणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. जुन्या ब्रिटिश नंबरांत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे 4 मि.मी., दहा नंबर म्हणजे 3.25 मि.मी. अमेरिकन नंबर याच्या उलट चालतात. म्हणून मी नंबर सोडून फक्त मिलिमीटर बघते. या फ्रॉकसाठी 4 मि.मी.ची गोल सुई घेतली, म्हणजे लवचीक तारेने जोडलेली दोन टोकांची.

मग माझ्या विणीचं माप काढायला नमुना. 30 टाक्यांचा चौकोन विणला आणि मोजला, तर 10 सें.मी.मध्ये 23 टाके आले. तो कोमट पाण्यात भिजवला, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवला आणि पुन्हा मोजला. आता 22 टाके आणि 30 ओळी. सुपरवॉश लोकर ओली झाली की सैलावते, त्यामुळे न धुतलेल्या नमुन्यावर विसंबणं म्हणजे चुकीच्या पट्टीने मोजणं. एका टाक्याचा फरक नगण्य वाटतो, पण छातीच्या 108 टाक्यांवर तो दोन सें.मी. होतो, आणि एवढ्याशा अंगावर दोन सें.मी. म्हणजे पुष्कळ.

आता हिशेब. छाती 43, त्यात सैलपणासाठी साधारण 6 मिळवले, 49 सें.मी. झाले. दर सें.मी.ला 2.2 टाके, म्हणजे 108. गळा 28 सें.मी. हवा, त्याचे 62 टाके. उघड मागे ठेवायची होती आणि तिच्या दोन पट्ट्या चार-चार टाक्यांच्या, एकमेकींवर येणाऱ्या. म्हणून चार टाके जास्त, एकूण 66.

उघड मागे की पुढे यावर वहिनीशी चांगलीच चर्चा झाली. पुढे बटणं असली की लावायला सोपं, पण ती तोंडापासून चार बोटांवर. मागे असली तर हात पोचत नाही, पण बाळ उताणं झोपलं की पाठीला टोचू शकतात. आमच्या बाईसाहेब तोपर्यंत आधाराने बसायला लागल्या होत्या आणि दिसेल ते तोंडात घालत होत्या, त्यामुळे मागेच ठरलं, आणि बटणं अगदी चपटी आणायची ठरली. उघड 11 सें.मी. खोल, म्हणजे तिच्या दोन कडांचे 22 आणि गळ्याचे 28 मिळून 50. त्यातून 42 चं डोकं आरामात जातं.

66 टाके घातले ते अर्ध्या मि.मी.ने जाड सुईवर, कारण सुरुवातीचा काठ घट्ट बसला तर गळ्याचा सगळा हिशेब वाया जातो. मग 4 मि.मी.च्या सुईवर येऊन पहिल्या चार ओळी सगळ्या सुलट टाक्यांच्या (उलट टाका म्हणजे त्याचीच मागची बाजू). त्याने जाडसर, न गुंडाळणारी किनार मिळते. त्यानंतर टाके वाटले: मागचा अर्धा भाग 12, एक खुणेचा टाका, बाही 9, खुणेचा एक, पुढचा भाग 20, खुणेचा एक, दुसरी बाही 9, खुणेचा एक, आणि मागचा उरलेला अर्धा 12. खुणेच्या टाक्यांपाशी वेगळ्या रंगाच्या धाग्याचे फास अडकवले.

इथून पुढे नियम एकच. सुलट ओळीत प्रत्येक खुणेच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे ओळीला आठ, आणि परतीची ओळ न वाढवता उलट विणायची. दोन्ही कडांचे चार-चार टाके मात्र दोन्ही ओळींत सुलट, त्यांचीच पट्टी होते. वाढवण्यासाठी मी दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पिळून विणते. पीळ दिला नाही तर तिथे भोक राहतं. जाळीच्या नक्षीत ते हवंच असतं, पण बाळाच्या कपड्यात मला एकही भोक नको होतं, कारण इवलीशी बोटं त्यात अडकतात. याच कारणाने दोन रंगांची नक्षीही टाळली. तिचे मोकळे धागे आतल्या बाजूने लोंबतात आणि बाही घालताना बोटांत गुंततात. गळ्याला नाडी किंवा रिबीन तर नाहीच. बाळाच्या मानेभोवती ओढली जाईल अशी कोणतीही गोष्ट असू नये.

पंधरा वेळा वाढवल्यावर सुईवर 186 टाके झाले आणि खांद्यापासून काखेपर्यंतची खोली 10 सें.मी. भरली. वाटेत उजव्या पट्टीवर तीन काजं ठेवली: सुईला एक वेढा आणि लगेच दोन टाके जोडीने. एवढ्यानेच छोट्या बटणाचं काज होतं.

यानंतरचा टप्पा मला या सगळ्यात सर्वांत आवडतो. तोवर हातात असतो तो एक पसरट, कसला आहे ते न कळणारा तुकडा. आता दोन्ही बाह्यांचे 39-39 टाके सुईवरून उतरवून जाड दोऱ्यात ओवून ठेवायचे, काखेत दोन-दोन नवे टाके घालायचे, आणि मागच्या दोन पट्ट्या एकीवर एक ठेवून चार टाके समोरच्या चारांसोबत जोडीने विणायचे. 186 मधून 78 गेले, पट्टीचे 4 गेले, काखेचे 4 आले: बरोबर 108. आकडा जुळला आणि त्याच ओळीत तुकड्याला खांदे आले, मुंढे आले, पाठ आली. इतकी वर्षं विणतेय, तरी या ओळीला माझा हात आपोआप हळू होतो.

इथून गोल विणकाम. आता उलट ओळ नाही, फेऱ्यांमागून फेऱ्या नुसतं सुलट. बऱ्याच जणांची उलट वीण सुलटपेक्षा थोडी सैल असते, त्यामुळे गोल विणायला लागलं की कापड घट्ट होऊ शकतं. मी दोन सें.मी. विणून पुन्हा मोजलं. वीण तशीच होती, म्हणून सुई बदलली नाही.

घेरासाठी एकाच फेरीत दर दोन टाक्यांनंतर एक वाढवला, 108 चे 162 झाले. दुप्पट केले असते तर चुण्या जास्त दिसल्या असत्या, पण वजनही तितकंच वाढलं असतं. आणि रांगायला लागलेल्या बाळाचा गुडघा लांब, भरगच्च घेरावर पडतो आणि ते तोंडावर आपटतं. म्हणून दीडपट घेर आणि लांबीही बेताची, 19 सें.मी. त्या 57 फेऱ्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. शांतपणे होणारं काम आहे ते.

शेवटी काठ. सुलट वीण काठाला गुंडाळते, म्हणून आठ फेऱ्या, एक फेरी सगळी सुलट, पुढची सगळी उलट, अशा विणल्या. सपाट विणताना सगळ्या ओळी सुलट केल्या की जी वीण येते, ती गोल विणताना अशी मिळवावी लागते. टाके पुन्हा जाड सुईने, सैल हाताने बंद केले. बाह्यांचे टाके परत सुयांवर घेऊन, काखेतून दोन-दोन उचलून 41 केले, त्याच विणीच्या सहा फेऱ्या घातल्या आणि संपवलं. काखेत कोपऱ्याला जी बारीक फट राहते ती धाग्याच्या उरलेल्या टोकानेच आतून आवळून घेतली.

बटणं लोकरीने लावली नाहीत. शिवणाच्या मजबूत दोऱ्याने लावली, आणि प्रत्येकाच्या मागे आतून कापडाचा छोटा गोल तुकडा धरला. नुसत्या विणीत ओवलेला दोरा ताण पडला की टाक्यांतून सरकतो. लावून झाल्यावर प्रत्येक बटण चिमटीत धरून जोर लावून ओढून पाहिलं. बाळाच्या कपड्यावरचं बटण सुटणं म्हणजे ते घशात जाण्याची भीती, आणि ही तपासणी दर धुण्यानंतर करायची असं वहिनीलाही सांगून ठेवलं.

धुताना पिळायचं नाही. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं, कोरड्या टॉवेलवर मापाने पसरलं. दोरीवर टांगलेली ओली लोकर स्वतःच्या वजनानेच लांब होते. वाळल्यावर छाती 49 भरली.

घालून पाहिला त्या दिवशी वहिनीने उघड पूर्ण फाकवली आणि फ्रॉक डोक्यावरून खाली आला, कपाळाला न घासता. भाचीने लगेच समोरचा काठ मुठीत धरून तोंडात घातला, आणि मला फार बरं वाटलं की त्या काठाला सुटणारं काहीच नव्हतं. बाहीत बोट घालून पाहिलं, दंडाभोवती सहज फिरत होतं.

चौथ्या गोळ्यातली बरीच लोकर उरली आहे. ती सैल लडी करून वहिनीकडेच दिली आणि सांगितलं, फ्रॉक धुशील तेव्हा ही लडीही त्याच पाण्यात धू. दोन्हींचा रंग एकसारखा उतरेल आणि लांबी वाढवताना जोड दिसणार नाही. ती उभी राहायला लागली की काठ उसवून आणखी पाचेक सें.मी. घालायचे ठरवलं आहे, 15 फेऱ्या आणि पुन्हा तोच काठ.