तुम्ही विचारलंत म्हणून: तारा का?

"पोरीचं नाव तारा कसं काय ठेवलंस गं? म्हातारं वाटतं." बारशाला विचारलं, अंगणवाडीत विचारलं, परवा पोवई नाक्यावर भेटलेल्या मैत्रिणीनेही विचारलं. पुढचं वाक्य ठरलेलं, "आणि तू स्वतः ऐश्वर्या!"

मी जन्माची ऐश्वर्या नाही. चौथी मुलगी, म्हणून नकुसा. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही आजीची श्रद्धा. 22 ऑक्टोबर 2011 ला साताऱ्यात आम्हा 285 जणींना नवी नावं मिळाली. मी चौदा वर्षांची होते. एका हातात प्रमाणपत्र, दुसऱ्या हातात फुलांचा लहानसा गुच्छ. सगळ्यात झगझगीत नाव मला हवं होतं, तेच घेतलं. त्या पोरीला मी आज नावं ठेवणार नाही.

पण लग्नातलं सांगते. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. सासरी माझ्यासाठी दुसरंच नाव ठरलं होतं, मला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी पहिलं अक्षर काढलं तशी मी म्हणाले, "माझं ऐश्वर्याच राहू दे." आवाज जेमतेम निघाला. शेजारी बसलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "हिचं काय, एकदा बदललंच आहे की. आणखी एकदा बदललं तर काय बिघडतंय?"

त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांचंही माहेरचं नाव असंच एका ताटात गेलं असणार. पण माझे कान तापले. जे नाव मी हट्टाने मिळवलं, ते या बाईंच्या लेखी मुळात माझं नव्हतंच. नवऱ्याने काही न बोलता तळहाताने तांदूळ सारखे केले आणि पुन्हा लिहायला घेतलं. ऐ जमला. श्व काढताना दाणे घसरून रेघ बुजायला लागली. र्या ताटात मावलाच नाही.

तिथल्या तिथे मला काही उमगलं नाही. उमगलं तारा पोटात असताना. माझं नाव आधार कार्डावर राहतं, दहावीच्या दाखल्यावर राहतं. आजीच्या तोंडात ते कधी बसलंच नाही. ती दोन दिवस "आयश्या" म्हणायची, दमली की नकुसा. तारा कसं, दात नसलेलं तोंडही म्हणतं, बोबडं पोरही म्हणतं, आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक पोचते. राजाराम महाराज 1700 मध्ये गेले, त्यानंतर औरंगजेबाशी लढाई चालू ठेवणाऱ्या राणीचं हे नाव. आमच्या गल्लीत मेथी-कोथिंबीर घेऊन येणाऱ्या मावशींचंही हेच. दोघींना सारखंच शोभतं. जुनं नव्हे, मुरलेलं म्हणा. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, तेव्हा पोर म्हणते, "आई, त्यात मी आहे."

तिचंही ताटात कुणी पुसलं तर? साध्या नावापुढे कुणाचा हात थांबेल याची मला खात्री नाही. तिलाच नकोसं झालं तर? बदलू दे, मी बदललंच ना. मग मी एवढा जीव का टाकला, याचं उत्तर मात्र मला देता येत नाही.

गेल्या महिन्यात माहेरी होते. ताराने विचारलं, "आई, तुझं नाव काय?" मी सांगणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "नकुशे, दूध उतू चाललंय बघ!"

मी ओ दिली.