तीन शब्दांचे दोन रुपये चाळीस पैसे

2016 साली मी सांगलीतल्या एका दैनिकाच्या पुरवणीतली नोकरी सोडली आणि घरी बसून जाहिरातींचा मजकूर लिहायला लागले. तेव्हा माझा दर होता शब्दाला 80 पैसे. मुंबईच्या एका एजन्सीने भाषांतरासाठी तो देऊ केला, मी हो म्हटलं, आणि पुढे जो विचारेल त्याला तोच सांगत गेले.

मग मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका व्यापाऱ्यांनी पाव किलोच्या पाकिटासाठी एक ओळ मागितली. "ताई, शुद्ध, सात्त्विक असलं काही नको," शेठ म्हणाले. "ते सगळ्यांच्याच पाकिटावर असतं." घरी बसून तीसेक ओळी लिहिल्या. सोनं आलं, परंपरा आली, आजीचा हात आला. एकही पाठवावीशी वाटेना. शेवटी शेठना फोन केला, "मी दोन दिवस दुकानात येऊन बसले तर चालेल का?"

गल्ल्याशेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसले. राजापुरी आणि सेलम या हळदीच्या दोन जाती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. हळकुंड मोडून आतला रंग कसा बघतात ते शिकले. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दल ऐकलं. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकायची, 2005च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. शेठच्या आजोबांचं पेवही त्यातच गेलं. हे सगळं वहीत उतरलं, पण पाकिटावर जाईल असं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई पूड घेऊन निघाल्या आणि शेठ सुटे पैसे मोजता मोजता म्हणाले, "वहिनी, नेहमीपेक्षा चिमूटभर कमीच घाला बरं का." सकाळपासून हे वाक्य मी चार-पाच वेळा ऐकलं होतं. त्या वेळी ते पहिल्यांदा कानात शिरलं.

चिमूटभर कमीच घाला.

पाकिटावर एवढंच गेलं. आपला माल कमी वापरा असं सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाला भेटत नाही, म्हणून ती ओळ वाचणारा थांबतो. आणि हळद किती कसदार आहे हे न सांगता कळतं.

रात्री बिल करायला बसले. शब्द तीन, दर 80 पैसे, एकूण 2 रुपये 40 पैसे. तो आकडा मी बराच वेळ बघत राहिले. मग पुसला आणि 5,000 लिहिले. शेठनी घासाघीस केली नाही. उलट विचारलं, "एवढ्यात परवडलं का तुम्हाला? दोन दिवस बसला होतात."

जाहिरातीत आमचं निम्मं काम शब्द काढून टाकण्याचं असतं. रेडिओच्या 30 सेकंदांत माझ्या वाचण्याच्या वेगाने 60-65 मराठी शब्द बसतात. गिऱ्हाईक 110 पाठवतं, वर पत्ता आणि दोन फोन नंबर. त्यातले 45 काढायचे आणि तरी ऐकणाऱ्याला सगळं कळलं पाहिजे. शब्दामागे पैसे घेणारा माणूस प्रत्येक चांगल्या काटछाटीत स्वतःचं नुकसान करतो. म्हणून तेव्हापासून मी कामाचा एकरकमी दर सांगते: दोन मसुदे, दोनदा दुरुस्ती, निम्मे पैसे आधी. शब्दाचा दर फक्त माहितीपत्रकांच्या भाषांतराला ठेवलाय.

एकरकमी दरात छपाईआधीची शेवटची पीडीएफ बघणं धरलेलं असतं, आणि यावर मी अडून बसते. मोठ्या कंपन्यांची मूळ जाहिरात बहुतेक हिंदीत तयार होते आणि मराठी शेवटच्या दिवशी मागितली जाते. शैक्षणिक कर्जाच्या एका जाहिरातीत 'उत्तम शिक्षा, उज्ज्वल भविष्य' अशी ओळ मराठी म्हणून माझ्यापुढे आली होती. हिंदीतलं शिक्षण आपल्याकडे दंड होतो, हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. शब्द बरोबर असले तरी मांडणीत घोळ होतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लिपीला लागणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी वाचणाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही तरी काहीतरी परकं वाटतं. आपल्या भाषेत कोणी आपल्याशी बोलायला येतोय तर त्याने ती नीट घालून यावी, असं मला मनापासून वाटतं.

पैसे वसूल करणं हे या धंद्यातलं सगळ्यात थकवणारं काम. 2021मध्ये एका कंपनीकडे माझे 62,000 रुपये सात महिने अडकले. दर वेळी उत्तर एकच, "अकाउंट्सकडे आहे मॅडम." तेव्हा एका सीए मैत्रिणीने माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली. आधार आणि पॅनवर होते, फी नाही. 2006च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसला तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे पत्रात लिहून पाठवलं आणि अकराव्या दिवशी पैसे आले. एप्रिल 2024पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. आता बिलावर उद्यम क्रमांक बघून काही ठिकाणचे अकाउंटंट स्वतःहून फोन करतात.

हल्ली यंत्राने लिहिलेली मराठी येते आणि सोबत निरोप, "फक्त एक नजर टाका." व्याकरण बहुधा ठीक असतं. पण ती वाक्यं कोणत्याच दुकानात कोणी बोललेली नसतात. असं काम मी नव्याने लिहायच्याच दराने घेते, कारण मला शेवटी नव्यानेच लिहावं लागतं. काही जण त्यावर परत जातात. जाऊ देते.

नव्याने यात येणाऱ्या मुली विचारतात, दाखवायला काम नाही, सुरुवात कशी करू. मी त्यांना त्यांच्या गल्लीतलं एक दुकान निवडायला सांगते. गिरणी असो, नाहीतर चष्म्याचं दुकान. मालकाला विचारून दोन दिवस बसा. तो रोज कोणतं वाक्य सारखं बोलतो ते टिपा.

परवा शेठच्या मुलाचा फोन आला. तासगावच्या बेदाण्याचं पाकीट काढतोय, ओळ हवी आहे. "बाबांनी सांगितलंय, ताईंना आधी सौद्याला घेऊन जा." उद्या सकाळी साडेनऊला निघतोय. वही नवी घेतली आहे.